फिरते वजन आणि कमरेचे कडे

कमरेभोवती कडे फिरविणे हा मुलांचा खेळ, अशी सर्वसाधारण समजूत आहे आणि ती फारशी चुकीचीही नाही. जत्रेत, शाळेच्या स्नेहसंमेलनात किंवा एखाद्या बागेच्या हिरवळीवर रंगीत प्लास्टिकची कडी गरगर फिरविणारी मुले सर्वांनीच पाहिलेली असतात. परंतु अलीकडच्या काही वर्षांत, विशेषतः 2020 साली लोकांना घराबाहेर पडणे अशक्य झाले तेव्हापासून, या कड्याचे एक प्रौढ भावंड बाजारात आले आहे. त्याचे वजन साधारणतः एक ते दोन किलो असते, त्यावर मऊ आवरण चढविलेले असते, आणि ते विकणारा दुकानदार पोट उतरण्याचे आश्वासन त्याच्याबरोबर फुकट देत असतो. इंग्रजीत याला वजनाचे हूला-हूप म्हणतात. मराठीत ‘वजनी कडे’ म्हटले तरी भागते. हे कडे म्हणजे खेळणे, व्यायामाचे साधन, की केवळ आमिष, हा प्रश्न कोणत्याही गावी विचारता येईल. तो वडोदऱ्यात विचारला, तर मात्र उत्तराची बरीचशी सामग्री घरातच सापडते. कारण फिरते वजन हा या नगरीचा फार जुना विषय आहे.

येथील जुम्मादादा व्यायाम मंदिराची स्थापना 1880 सालची. जुम्मादादांच्या पश्चात ही परंपरा त्यांचे शिष्य राजरत्न प्रोफेसर माणिकराव यांनी चालविली आणि तिला शिस्तबद्ध शिक्षणाचे रूप दिले. पुढे स्वामी कुवलयानंद या नावाने विख्यात झालेले व 1924 साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन करणारे जगन्नाथ गणेश गुणे हे 1907 ते 1910 या काळात येथेच माणिकरावांच्या हाताखाली तयार झाले. व्यायामाच्या परिणामांची शास्त्रीय उपकरणांनी तपासणी करण्याचा उद्योग त्यांनी आयुष्यभर केला, त्याचे बीज या तालमीत पडले असे म्हणण्यास हरकत नाही. याच नगरीत दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी ‘व्यायाम ज्ञानकोश’ सिद्ध केला. 1936 ते 1949 या अवधीत त्याचे दहा खंड निघाले आणि 1950 साली त्याचे इंग्रजी सारही प्रसिद्ध झाले. व्यायाम या एकाच विषयावर मराठीत दहा खंड लिहिले जावेत आणि तेही गुजरातेत बसून, ही गोष्ट आज पुष्कळ मराठी वाचकांना ठाऊकही नसते. सयाजीराव महाराजांच्या वडोदऱ्यात ते घडू शकले एवढे खरे.

या परंपरेत मुद्गलाला मोठा मान आहे. मुद्गल म्हणजे मुठीशी निमुळता आणि टोकाशी जाड असा लाकडी सोटा. तो उचलायचा नसतो, फिरवायचा असतो, आणि त्याचे सारे मर्म या एका भेदात आहे. उचललेले वजन जेवढे असते तेवढेच राहते. फिरविलेले वजन वेगानुसार वाढते. गोफण फिरविणाऱ्या शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. मुठीत मावणारा धोंडा, पण गोफण गरगरू लागली की तो हात खांद्यातून ओढून काढील की काय, असे वाटते. म्हणूनच पाच शेरांचा दगड सहज उचलणारा धट्टाकट्टा जवान हलकी मुद्गलजोडी हातात घेतो तेव्हा पाचपन्नास फेऱ्यांतच त्याचे मनगट बोलू लागते. वस्ताद नवख्याला प्रथम हलकी जोडी देतात, डोक्यामागून पूर्ण फेरा काढावयास लावतात, उजवा व डावा हात सारखे चालवितात आणि हात तालात आल्याशिवाय वजन वाढवू देत नाहीत, त्यामागील कारण हेच होय.

मुद्गल येथून सातासमुद्रांपलीकडे गेला. एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकाऱ्यांनी तो आपल्या देशी नेला; तेथे तो ‘इंडियन क्लब’ झाला, व्यायामशाळांतून आणि कन्याशाळांतून फिरू लागला. 1904 व 1932 या दोन ऑलिंपिक स्पर्धांत तर मुद्गल फिरविण्याची स्वतंत्र शर्यत होती. कड्याची कथा याच्या उलट दिशेची आहे. ऑस्ट्रेलियातील शाळांत मुले बांबूची कडी कमरेभोवती फिरवीत असत. ती कल्पना उचलून व्हॅम-ओ या अमेरिकन कंपनीने 1958 साली प्लास्टिकची कडी काढली. काही महिन्यांत ती कोट्यवधींनी खपली आणि तितक्याच झपाट्याने तो ज्वर ओसरलाही. नाव तेवढे हवाई बेटांतील हूला नृत्यावरून आले. गाजावाजा होऊन आलेली वस्तू अशी येते आणि जाते. पण ज्या वस्तूत काही सत्त्व असते ती पुन्हा निराळ्या रूपाने परतते, आणि वजनी कडे हे असे परतलेले रूप आहे.

आता हे कडे कमरेवर टिकते कसे, ते पाहू. पाहणाऱ्याला वाटते की फिरविणारा आपली कंबर गोल गोल घुमवीत आहे. वस्तुतः तसे करू जाणाऱ्याचे कडे दोन फेऱ्यांत घोट्याशी येऊन पडते. कंबर फार थोडी हलते, पुढे-मागे किंवा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला, आणि प्रत्येक वेळी कडे जेथे टेकलेले असते तेथे त्याला एक हलका रेटा मिळतो. ओसरीवरील झोपाळ्याचे उदाहरण घ्यावे. झोपाळ्याला जोराचा धक्का लागत नाही. तो परत येतो त्या क्षणी पायाच्या अंगठ्याने दिलेला थोडासा रेटा पुरतो. वेळ चुकली की तेच बळ वाया जाते, उलट आडही येते. कड्याचे सारे कौशल्य वेळ साधण्यात आहे.

कडे खाली का पडत नाही, हा त्याहून गमतीचा प्रश्न आहे, आणि त्याचे नेमके उत्तर मिळावयास 2025 साल उजाडावे लागले. न्यूयॉर्क विद्यापीठातील गणितज्ञांनी माणसाच्या एकदशांश आकाराचे, निरनिराळ्या घाटांचे छोटे यांत्रिक पुतळे करून त्यांवर कडी फिरवून पाहिली. कडे फिरते ठेवणे कोणत्याही घाटाला जमले. परंतु सरळ नळकांड्यासारख्या अंगावरून ते घसरत खाली आले. ते उंचीवर टिकून राहिले ते केवळ डमरूसारख्या, मध्ये आत गेलेल्या आणि खाली फुगत जाणाऱ्या घाटावर. नितंबांच्या उताराकडून कड्याला वरच्या दिशेने रेटा मिळतो आणि कमरेच्या खोबणीमुळे ते वर किंवा खाली भरकटत नाही. काही जणांना आठवडाभर खटपट करूनही कडे का साधत नाही आणि काहींना पहिल्याच दिवशी का साधते, याचा पुष्कळसा उलगडा यात होतो. हा दोष आळसाचा नसून बांध्याचा असू शकतो. आणि ज्याचा बांधा सरळ, त्याला थोडी अधिक गती ठेवावी लागते, इतकेच.

येथे बाजारातील एका मोठ्या गैरसमजाचा निकाल लागतो. कडे जितके जड तितका व्यायाम कठीण, म्हणून तितका अधिक गुणकारी, असे मानून पुष्कळ जण दोन-अडीच किलोंचे कडे घेऊन येतात. प्रत्यक्षात जड कडे फिरविणे सोपे असते. वजन दुप्पट केले की त्याला खाली ओढणारे बळ दुप्पट होते हे खरे, पण कमरेवरचा दाबही दुप्पट होतो आणि त्या दाबातून मिळणारा आधारही. म्हणून कडे न पडण्यासाठी लागणारी गती त्याच्या वजनावर ठरत नाही. ती ठरते मुख्यतः त्याच्या घेरावर. घेर मोठा तर फेरे सावकाश घेतले तरी चालतात. शिवाय जड कडे हे जड जात्यासारखे असते: सुरू करताना जोर लागतो, पण एकदा फिरू लागले की हाताची लहानसहान चूक ते सहज पोटात घालते. हलके कडे क्षणोक्षणी लक्ष मागते. नवख्याने थोडे वजनदार कडे घ्यावे ते एवढ्यासाठीच; अधिक चरबी जळेल म्हणून नव्हे.

जडपणाची किंमत मात्र अंगाला मोजावी लागते. एक मीटर व्यासाचे कडे दोन सेकंदांत तीन फेरे या गतीने फिरत असेल, तर ते टेकते त्या ठिकाणी कमरेवर पडणारा दाब त्याच्या वजनाच्या जवळजवळ तिप्पट भरतो. म्हणजे दीड किलोचे कडे साडेचार किलोंच्या भाराने, मिनिटाला नव्वद वेळा, बरगड्यांपासून कटीच्या हाडापर्यंत सर्व बाजूंनी दाबत जाते. पहिल्या आठवड्यात कमरेवर निळसर चट्टे उठतात ते यामुळे. काही कडी आतून उंचवट्यांनी भरलेली असतात आणि त्या उंचवट्यांनी चरबी ‘फुटते’ असे सांगितले जाते. चरबी ही काही ढेकूळ नव्हे. त्या उंचवट्यांनी फुटतात त्या त्वचेखालील बारीक रक्तवाहिन्या.

मग या खटाटोपातून निष्पन्न काय होते? फिनलंडमध्ये हेलसिंकी येथील संशोधकांनी 2019 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. वजन प्रमाणाबाहेर वाढलेल्या 53 स्त्री-पुरुषांना सहा आठवडे दीड किलोचे कडे फिरवावयास दिले आणि सहा आठवडे चालावयास लावले. कोणी आधी कडे घेतले, कोणी आधी चालणे. कडे फिरविण्याची रोजची सरासरी सुमारे 13 मिनिटे पडली, तर चालण्याची जवळजवळ 10,000 पावले. कड्याच्या सहा आठवड्यांत कमरेचा घेर सरासरी 3.1 सेंटिमीटरने उतरला, चालण्याने 0.7 सेंटिमीटरने. कड्याने पोटाच्या भागातील चरबीचे प्रमाण घटले आणि धडाचे स्नायू थोडे वाढले. शरीराचे वजन मात्र दोन्हींत अर्ध्या किलोच्या आसपासच उतरले. रक्तातील घातक कोलेस्टेरॉल कड्याने कमी झाले. उलट रक्तदाब उतरला आणि हितकारक कोलेस्टेरॉल वाढले ते चालण्याने. तेव्हा कडे मिळाले म्हणून सयाजीबागेतील सकाळचा फेरा सोडून देण्याचे कारण नाही.

कॅनडातील स्टुअर्ट मॅगिल हे पाठीच्या कण्याचे नामांकित अभ्यासक. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 साली स्त्रियांवर केलेला असाच सहा आठवड्यांचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यातही कमरेचा घेर उतरला. पण चिमट्याने मोजलेली त्वचेखालील चरबी होती तेवढीच राहिली आणि धडाच्या स्नायूंची दम धरण्याची शक्तीही वाढली नाही. दोन्ही प्रयोग लहान आहेत, दोन्ही सहा आठवड्यांचे आहेत, आणि ते एका गोष्टीवर एकमत व दुसरीवर भिन्नमत होतात. घेर उतरतो, हे एकमत. जाहिरातींतील बाकीची विधाने यापलीकडे फार दूर गेलेली असतात.

शक्तीच्या खर्चाचा हिशेब तर साधाच आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात 2010 च्या सुमारास सराईत स्त्रियांना कडी फिरवावयास लावून मोजमाप घेतले, तेव्हा मिनिटाला सरासरी 7 कॅलरी खर्च होतात असे आढळले. वेगाने चालणाऱ्याशी तोलता येईल, असा हा चांगला आकडा आहे. पण 13 मिनिटांचे झाले नव्वदच्या घरात. म्हणजे तूप लावलेली एक पोळी. वडोदऱ्याची सेव-उसळ पावासकट पोटात गेली असेल, तर तिची बरोबरी करावयास कडे बराच वेळ गरगरावे लागेल.

असे असूनही हे साधन टाकाऊ ठरत नाही. पोटाच्या पोकळीत, आतड्यांभोवती साठणारी चरबी आणि मधुमेह, हृदयविकार यांचा संबंध आता सुप्रस्थापित आहे, आणि आपल्या लोकांची प्रकृती अशी की हातपाय सडपातळ असतानाही पोट सुटते. दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्या माणसाची कंबर हा त्याच्या शरीरातील सर्वांत निश्चल भाग असतो. तालमीत जाणे सर्वांना साधत नाही; वयात आलेल्या मुली, घरकामात अडकलेल्या स्त्रिया, साठी उलटलेली माणसे यांना तर ते क्वचितच साधते. खोलीच्या मध्ये दोन-अडीच मीटरची मोकळी जागा आणि पंधरा मिनिटे एवढ्यावर भागणारा, मनाला गुंतवून ठेवणारा व्यायाम त्यांना मिळत असेल, तर तो हसण्यावारी नेऊ नये. मात्र तो मुद्गलाच्या शिस्तीने करावयास हवा. आणि हीच शिस्त कड्याबरोबर आलेल्या कागदावर बहुधा छापलेली नसते.

ती शिस्त अशी. कडे जमिनीवर उभे धरले असता त्याची वरची कड बेंबीच्या जवळपास यावी. नवख्याला थोडे मोठे चालेल. वजन एक ते दीड किलोच्या पुढे नेण्याची गरज नाही. एक पाऊल किंचित पुढे, गुडघे सैल, पाठ सरळ, कडे कमरेमागे टेकविलेले. मग त्याला हाताने आडवा, जमिनीशी समांतर झोका द्यावा. पहिला आठवडा दोन-तीन मिनिटांच्या वर जाऊ नये, अंग तेवढ्यानेही बोलते. त्यानंतर हळूहळू दहा-पंधरा मिनिटांपर्यंत न्यावे. श्वास कोंडून धरू नये. नवखा नकळत तो धरतोच, आणि मोठ्याने आकडे मोजणे हा त्यावरील उत्तम उपाय आहे. मुद्गल दोन्ही हातांनी सारखा फिरवावयाचा तसे कडेही दोन्ही दिशांनी सारखेच फिरवावयाचे. जवळजवळ प्रत्येकाची एक दिशा सोयीची असते आणि दुसरी हट्टी. सोयीच्या दिशेनेच वर्षभर फिरविले तर कमरेचे स्नायू एका अंगाने तयार होतात आणि दुसरे अंग मागे पडते. हट्टी दिशेला पहिले काही दिवस जवळपास सर्व वेळ द्यावा लागतो, आणि तेथेच बहुतेक जण सोडून देतात.

गरोदर स्त्रियांनी, नुकतेच बाळंतपण किंवा पोटाची शस्त्रक्रिया झालेल्यांनी, अंतर्गळ असलेल्यांनी, मणक्याच्या चकतीचा विकार किंवा हाडे ठिसूळ झालेली असलेल्यांनी वजनी कडे हाती घेऊ नये. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर वैद्याला विचारल्याशिवाय मुळीच नाही. जेवणानंतर दोन तास जाऊ द्यावेत. तुकडे जोडून होणाऱ्या कड्याचे सांधे रोज हाताने ओढून पाहावेत, कारण फिरता फिरता निखळलेला तुकडा खोलीत कोठे जाईल याचा नेम नसतो.

अलीकडे आणखी एक प्रकार निघाला आहे. त्यात साखळीसारखा पट्टा कमरेला घट्ट बसतो आणि पट्ट्यावरील खाचेतून, दोरीच्या टोकाला लावलेला गोळा भोवती फिरतो. हे कडे पडतच नाही. म्हणून ज्यांच्या कमरेवर दुसरे टिकत नाही त्यांना ते आवडते. पण खरे पाहता ते कडेच नव्हे. कमरेला बांधलेली ती गोफण आहे, आणि गोफणीपासून जेवढे अंतर राखावयाचे तेवढे तिच्यापासूनही राखावयास हवे; विशेषतः घरात रांगते मूल असेल तर. डमरूच्या उताराशी जुळवून घेण्याचे कौशल्य त्यात लागत नाही, केवळ ताल लागतो. गोळ्याचे वजन बहुधा कमी-जास्त करता येते, आणि येथेही वस्तादांचा नियम: आधी ताल, मग वजन.

शेवटी मापाविषयी. या व्यायामाचा परिणाम तागडीवर दिसण्याची अपेक्षा धरली तर निराशाच पदरी येते. तो दिसतो फितीवर. शेवटची बरगडी आणि कटीच्या हाडाची वरची कड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर, फीत जमिनीशी समांतर ठेवून, न आवळता माप घ्यावे. आपल्याकडील पुरुषांत 90 आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटर ही वैद्यांनी मानलेली धोक्याची रेषा आहे. माप आठवड्यातून एकदा, सकाळी न्याहारीपूर्वी घ्यावे, आणि पहिले माप कडे घरी येईल त्याच दिवशी, ते फिरविण्यापूर्वी, तारखेसह वहीत उतरवून ठेवावे.